पुढच्या स्टेशनातला साडू

जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. टीव्हीवर युद्धाची चर्चा तापली होती. शेजारच्या बाकावर रिटायर्ड स्टेशनमास्तर सुपडूनाना आणि त्यांच्या गल्लीतल्या प्रमिलाबाई बोलत होते.

“नाना, हा साहेब म्हणतो, आपण अणुबॉम्ब नुसता दाखवायचा. समोरचा घाबरून थांबतो.”

“समोरच्याच्या टीव्हीवर काय सांगत असतील?”

“हेच.”

“मग काळजी मिटली. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या, आणि दोन्ही ड्रायव्हरांना सांगून ठेवलंय, समोरचा ब्रेक मारेल.”

“तुम्हाला बठ्ठ्या जगात गाड्याच दिसतात.”

“अहो, रिकामी मालगाडी सोडायची तरी मी पुढच्या स्टेशनला फोन करायचो. तिथल्या मास्तरने लाइन मोकळी असल्याचा नंबर सांगायचा, मी तो लिहून घ्यायचा, मगच सिग्नल. आणि तो मास्तर माझा साडू. अकरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं, पण नंबर रोज देत-घेत होतो.”

“ह्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी तर फोनच बंद केलाय, आणि त्याच्यावर टाळ्या घेताहेत.”

“मीही केला होता एकदा. रागाच्या भरात, न विचारता गाडी सोडली.”

“मग?”

“समोरून दुसरी येत होती, साडूनेही न विचारताच सोडलेली. ड्रायव्हरांनी कशाबशा थांबवल्या, मध्ये चार डब्यांचं अंतर राहिलं.”

“चौकशीत काय सांगितलंत?”

“म्हटलं, साडू त्याची गाडी थांबवून धरेल असं वाटलं होतं.”

“साहेबांनी ऐकून घेतलं?”

“दीड वर्ष घरी बसवलं. पुढारी असतो तर टीव्हीवर बसवलं असतं.”