सही येते, तरी अंगठा लावा

माझ्या सासूबाईंना बँकेत नेणं सोपं नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. त्यांचे केळीचे पैसे बुऱ्हाणपूरच्या बँकेत जमा होतात. त्यातले थोडे दर महिन्याला आमच्या गावातल्या, म्हणजे बहादरपुरातल्या त्यांच्याच दुसऱ्या खात्यात आपोआप जावेत, म्हणजे ऑटोचं भाडं वाचेल, एवढंच काम होतं.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "अम्मा, तुमची परवानगी लागेल. इथं अंगठा लावा."

"अंगठा कशाला? मला सही येते." हिवाळाभर माझ्या लेकीच्या पाटीवर गिरवून शिकल्या होत्या त्या.

"पण रेकॉर्डला अंगठा आहे. सही जुळणार नाही, मग पैसे जाणार नाहीत."

"मग रेकॉर्ड बदल."

"बदलतो ना. पण त्या अर्जावरही अंगठाच लागेल."

हा नियम मीच काढलाय अशा नजरेनं सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जागच्या हलेनात. मागची रांग कुरकुरायला लागली.

"शेवटचा ना?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"बिलकुल आखरी, अम्मा."

तेव्हा कुठं त्यांनी अंगठा टेकवला, लगेच पदराला पुसला आणि पेन मागितलं. मग एकेक अक्षर जोडत रेकॉर्डसाठी सही केली, परवानगीच्या कागदावरही केली. तोवर रांगेतलेही माना उंचावून बघायला लागले होते.

"हो गया, अम्मा."

"एवढंच? अजून कुठं लागत असेल तर बघ ना, बेटा."