वामनकाकाची बिडी सुटली

मी कामठीची. माहा बाप लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मशिनीवर होता, आज्याची जिंदगीही लूमवरच गेली, अन् आमच्या मोहल्ल्यात दिवसभर असा खडखडाट राहे का बाजूच्याले मीठ मागायचं तं ओरडूनच मागा लागे, त्याच्यानं माहा आवाज असा, तुमाले वाटत असंल भांडून राहिली काय ही बाई. लग्न होऊन नागपुरात बेसा भागातल्या फ्लॅटात आली तं सासूबाई म्हणे, हळू बोल वं, वरच्या मजल्यावरचे खाली पाहून राहिले.

मंग दवाखान्यात नोकरीले लागली. कॅन्सरचा दवाखाना. तिथं आमी बाया फोनवर बसतो, ज्या पेशंटची बिडी-सिगरेट सुटत नाही त्याईले फोन करतो. झोप लागली काय, तलफ कधी आली, तलफ आली तं पाणी प्या, सोप, म्हणजे बडीशेप चघळा, अन् जिथं बिडी पिणारे बसतात तिथं जाऊ नका. हे शेवटचं तं आमाले पहिल्याच दिवशी शिकवलं. आमच्यावरची मॅडम मले म्हणे, आवाज कमी करा, पेशंट घाबरते.

पण वामनकाकाले माहा आवाजच कामी आला. कामठीचाच बुढा, सारी जिंदगी लूमवर, कान पार गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर, अन् डॉक्टरनं सांगतलं, बिडी बंद झाल्याबिगर ऑपरेशन करत नाही. बाकीच्या बायाईचा फोन गेला तं बुढा नुसता हॅलो हॅलो करे. मी लावला, म्हटलं, जयभीम काका, तं हासला, म्हणे तू लूमवाल्याची पोरगी होय नं वं?

आता त्याची बिडी म्हणजे काय सांगू तुमाले, संध्याकाळी पानठेल्याजवळ जुने लूमवाले बसत, सारेच बहिरे, सारेच ओरडत, अन् एकाच काडीवर साऱ्याईच्या बिड्या पेटत. मी म्हटलं, काका, पानठेल्यावर जाणं बंद करा. बुढा म्हणे, तू म्हणतं तं करतो. अन् केलं नं! बिडी सुटली, ऑपरेशन झालं, मॅडमनं सगळ्याईसमोर माहं नाव घेतलं, मी पेढे वाटले. ते पेढे आठवले का आता मले कसंतरीच होते.

काहून, तं एक दिवस सहज इचारलं, काका, दिवस कसा जाते? म्हणे, पोरगा हळू बोलते, सून त्याच्याहून हळू बोलते, त्याईचे ओठ हालतात अन् मी मान हालवतो. तूच काय ती ऐकू येतं. मी म्हटलं, दोस्ताईले घरी बोलवा, बिडी बाहेर ठेवून या म्हणा. आले बिचारे, काकानंच मंग फोनवर सांगतलं. बसले. पण हातात काही नाही तं बोलणंच सुचेना, एक उठला, दुसरा त्याच्या मागं, अन् जराशानं गेटाबाहेर धूर दिसला. मंग आलेच नाही.

मी खोटं सांगतलं नाही हो. बिडी सुटली नसती तं बुढा आज नसता, हे मले समजते. पण माणसाची बैठक मोडून त्याच्या हातात सोप देली, भागते काय तेवढ्यानं? लय हळहळ वाटते मले, घरी भाकरी थापता थापताही वाटते.

अन् आमचा नियम असा का बिडी पक्की सुटली म्हणजे फोन बंद, दुसऱ्या पेशंटलेही वेळ द्या लागते. परवा मन घट्ट करून सांगतलं, काका, तुमची बिडी सुटली, आता माहा फोन येणार नाही. काका म्हणे, काय म्हणतं वं पोरी, ऐकू नाही आलं.

इतक्या दिवसात काका मले असं कधीच म्हटला नव्हता. माह्यानं दुसऱ्यांदा सांगणं झालं नाही. काही नाही काका, म्हटलं, जेवले काय? तं जेवलो म्हणे, अन् भाजी कोणती होती, मीठ कसं जास्त झालं, ते सांगत बसला.