पेरूच्या देठाला दोरा

म्हातारीच्या मळ्यावर पाहुणे आपल्या हाताने पेरू तोडत आणि तिच्या तराजूपाशी रांग लावत. आज रांगेत दोघी जावा कुजबुजत होत्या.

“जाऊबाई, माझ्या पेरूच्या देठाला जांभळा दोरा हो!”

“माझ्याही! गाठ सुटता सुटेना, शेवटी दाताने तोडली.”

“म्हणजे फळं झाडाला बांधलीत?”

“नाहीतर काय! बाजारातून आणून लटकवलीत, आणि आपण मेल्या फोटो काढतोय.”

“म्हातारी बघा, कशी साळसूद बसलीय!”

म्हातारीच्या हातातलं वजन दाणकन खाली पडलं. दोरा तिच्याच शिवणाच्या डब्यातला होता. तिने लेकाला हाक मारली.

“काल माझा दोरा कशाला नेलास रे?”

“वेल बांधायला, आई.”

“पेरू कधीपासून वेलाला लागायला लागले रे, दिवट्या?”