आत माणूस होता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाई, त्यांचे यजमान, आणि जेवणाच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंबद्दल विभागप्रमुखाने काय बोलावं? नदीपलीकडच्या पंपघरातली पंप चालवणारी यंत्रं आपण इथे बसून हाताळतो, ती ज्या कन्सोल स्विचमुळे, तो बाईंनीच बसवला. प्रत्येक यंत्राला एक पोर्ट. पोर्ट उघडला की त्या यंत्राचा पडदा आपल्यासमोर आणि कळा आपल्या हाताखाली. कोणी नुसतं बघायचं, कोणी चालवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. मला काय दिलं? नुसतं बघणं! म्हणाल्या, "साहेब, चुकून हात लागला तर?" हसा, हसा. मीही हसलो होतो.

पुढे आमचे जावई इथे रुजू झाले. बाईंचं सर्वाधिकाराचं खातं मी त्यांना दिलं, बाईंना बघण्यापुरतं नवं. "साहेब, निदान त्यावरचं माझं नाव तरी काढा." मी म्हटलं, "बाई, नावाला काय गंज चढणार आहे?"

जावयांनी पोर्टांची नावं आपल्या सोयीने बदलली. तरुण रक्त, उत्साह असतोच. एका सकाळी त्यांना एक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं, पोर्ट उघडला भलत्याच यंत्राचा. त्याच्या पंपात आपला फिटर हात घालून बसला होता.

बाईंना आपल्या पडद्यावर सगळं दिसत होतं, फिटर कुठल्या पंपावर आहे हेही ठाऊक होतं. कळा बडवल्या, पण अधिकारच नव्हता. मग जावयांना फोन. "तो पोर्ट सोडा, आत माणूस आहे!"

"मावशी, तुम्ही नुसतं बघा," म्हणाले, फोन ठेवला आणि कळ दाबली. थोडे फटकळ आहेत, घरीही तसेच.

फिटरचा हात कोपरापासून गेला.

चौकशीत नोंदीवर नाव बाईंचं. आता यंत्राशी कोण भांडणार? बाई माझ्या खोलीत आल्या. "साहेब, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. एकदाच बोला." बोललो ना! समितीला म्हटलं, बाईमाणूस आहे, बडतर्फ करू नका, स्वेच्छानिवृत्ती द्या. माझा शब्द राहिला. फिटरच्या बायकोने बाईंच्या दारात उभं राहून नको नको ते ऐकवलं म्हणे. यजमान, तुम्ही होतात ना घरी? जाऊ द्या, लोक विसरतात.

समारंभ घडवून आणणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता नवे तांत्रिक प्रमुख, म्हणजे आमचे जावई, बाईंना पुष्पगुच्छ देतील. या, बाई. अहो, उठा ना. यजमान, जरा हात द्या त्यांना. सगळे थांबलेत, फोटो काढायचाय.