बदललेला हॉल

परळच्या हॉस्पिटलात आतड्याच्या सुजेच्या पेशंटांना माहिती देणारा वर्ग नुकताच सुटला होता. लग्न ठरलेलं एक जोडपं माझ्या मागच्या बाकावर बसलं होतं.

"ऐकलंस ना, हेरंब? माझा आजार जन्मभराचा आहे."

"ऐकलं. तो कुणाला लागत नाही, आणि बरं वाटलं तरी गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत."

"उसळला की दिवसभर टॉयलेटच्या फेऱ्या."

"तेही ऐकलं, पद्मजा."

"मग विचार बदलायचा असेल तर आत्ताच बदल. मी रागावणार नाही."

"विचार नाही, हॉल बदललाय."

"काय?"

"आधीच्या हॉलचं टॉयलेट दोन जिने खाली होतं गं. नव्याचं स्टेजच्या मागेच आहे."

"अरे, आणि आईंना काय सांगितलंस?"

"तुझं तू सांगशील. मी फक्त म्हटलं, इथे जिने नाहीत. गुडघ्यांमुळे तीच जास्त खूश आहे."