हात लावा आणि निघा

धाकटी: खुर्ची उचल आधी. खालचा टायरवाला वर येऊन विचारून गेला, काय कोसळलं म्हणून. ही खोली आपल्या बापाची नाही, भाड्याची आहे.

दादा: उचलली.

धाकटी: आता बोल. भर वर्गात माझे विद्यार्थी बसलेले असताना तू खुर्ची लाथाडून बाहेर जातोस. पुढच्या रांगेतली ती चष्मेवाली मुलगी रडायला लागली. उरलेला तास मी कसा रेटला ते माझं मला माहीत.

दादा: त्यांना काय सांगितलंस?

धाकटी: काय सांगणार? म्हटलं, माझा मोठा भाऊ आहे, त्याला बरं वाटत नाहीये. आजवर त्यांना ठाऊकही नव्हतं तू माझा कोण ते.

दादा: ठाऊक कसं असेल? तू मला 'मागच्या रांगेतले' म्हणून हाक मारतेस. मीही मुकाट्याने मॅडम म्हणतो. दिवसभर शटरं दुरुस्त करायची, हाताचं ग्रीस निघेस्तोवर घासायचं, आणि मग येऊन मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या मागे बसायचं. कधी तक्रार केली?

धाकटी: मी बोलावलं नव्हतं तुला.

दादा: आई म्हणायची, अरे, धाकटीकडून इंग्रजीचे चार शब्द शीक, नवीन इमारतींची कामं मिळतील. ती होती तोवर जमलं नाही. म्हणून आता आलो.

धाकटी: आईचं नाव तू घेऊ नकोस. माझ्यासमोर तर नाहीच.

दादा: घेणार. आज घेणार. फळ्यावर शेवटी काय लिहिलं होतंस, ते परत सांग.

धाकटी: फळाभर लिहिलं होतं. आज जोडीचे शब्द होते.

दादा: ते कळलं मला. तू म्हणालीस, सेफ अँड साउंड. मला वाटलं, साउंड म्हणजे आवाज. तू म्हणालीस, आवाजाचा काही संबंध नाही, सुखरूप, धडधाकट. पोरं हसली, मीही हसलो. मग तीन शब्दांचं आलं, लॉक, स्टॉक अँड बॅरल. म्हटलं, चला, कुलपाचं आपल्याला कळतं, त्यातच हाडं झिजली. तर तिथेही कुलूप नाही. सगळंच्या सगळं, बाडबिस्तऱ्यासकट. मग तू सांगितलंस, हे शब्द सुटे करून बघायचे नाहीत. आपण कपडेलत्ते म्हणतो, म्हणून लत्ते वेगळे शिवायला टाकतो का? मला पटलं ते. वहीत लिहून घेतलं. आणि त्याच्यानंतरचं?

धाकटी: त्याच्यानंतर टच अँड गो होतं.

दादा: अर्थ सांग.

धाकटी: सांगितला तेव्हाच तर तू उठलास.

दादा: परत सांग. नीट सांग.

धाकटी: अटीतटीची वेळ. काहीही होऊ शकतं अशी अवस्था. माणूस वाचेल की जाईल, सांगता येत नाही. पेशंटबद्दल बरेचदा म्हणतात. मी उदाहरण पेशंटचं दिलं ते आईला डोळ्यांपुढे ठेवून नाही दिलं. सगळीकडे तेच उदाहरण असतं. त्याचा तुला एवढा राग आला असेल तर...

दादा: हेच शब्द मला डॉक्टरांनी सांगितले होते. आयसीयूच्या दारात.

धाकटी: कधी?

दादा: त्याच दिवशी. दुपारी.

धाकटी: म्हणजे तुला माहीत होतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं की आई कुठल्याही क्षणी जाऊ शकते, आणि तू ते ऐकून हॉस्पिटलातून निघून गेलास? मी आजवर समजत होते, तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुला कंटाळा आला, कामाचा फोन आला, गेलास. त्यासाठीच तुझं तोंड बघवत नव्हतं मला. हे तर त्याहून भयंकर आहे, दादा.

दादा: ओरडून झालं की सांग.

धाकटी: बाबांना तू घरी पाठवलंस. ते जायला तयार नव्हते. तू म्हणालास, मी आहे इथे, तुम्ही पाठ टेका जरा. तुझ्या शब्दावर गेले ते. आणि ती गेली तेव्हा जवळ कोण होतं? ना ते, ना तू. नर्सला व्हरांड्यात हाका मारत फिरावं लागलं, नातेवाईक कोण आहेत म्हणून. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत ते बरोबरच करतात. मी बोलते ती चूक करते.

दादा: झालं?

धाकटी: झालं.

दादा: टच म्हणजे काय? सुटा शब्द. पहिल्याच आठवड्यात शिकवलास.

धाकटी: स्पर्श करणं. हात लावणं.

दादा: आणि गो?

धाकटी: जा.

दादा: हं. मग.

धाकटी: दादा...

दादा: मध्ये बोलू नकोस आता. मला सांगू दे. डॉक्टर दारातून बाहेर आले, मास्क हनुवटीवर ओढलेला. मला विचारलं, सन? म्हटलं, यस. मग ते भराभर इंग्रजीत बोलले. मला त्यातलं हार्ट कळलं, नाइट कळलं. मग थांबले आणि सावकाश म्हणाले, टच अँड गो. आणि दाराकडे हात केला. आत चल, असा. तिथे दारावर तर पाटीच होती, आत कुणी थांबायचं नाही. सकाळपासून वॉचमन एकेकाला मिनिटभर आत सोडून बाहेर काढत होता. तूच सांग, मी काय समजायचं? मला वाटलं, आपल्यावर मेहरबानी केली. हात लावा आणि निघा. जास्त वेळ थांबू नका, पेशंटला त्रास होतो.

धाकटी: आणि तू आत गेलास?

दादा: गेलो. हात लावला. निघालो. सांगितल्यासारखा. बाहेर आलो तर बाकावर एक बाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं, परत कधी सोडतात? म्हणाल्या, आता उद्याच. म्हटलं, बरं. उद्यापर्यंत तिथे बसून काय करू? बाकीची औषधं आणून दिली, आणि जवळच एका दुकानाचं शटर मध्येच अडकलं होतं, मालक सारखा फोन करत होता, तिकडे गेलो. चढून पट्ट्या सोडवत होतो. खिशातला फोन वाजत राहिला, हात गुंतलेले. उचलला तेव्हा कळलं.

धाकटी: तू कुणाला सांगितलं का नाहीस? एवढे दिवस आम्ही तुला काय काय बोललो.

दादा: काय सांगू? डॉक्टरांनीच जा म्हटलं, हे सांगितलं होतं मी. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर. मामी म्हणाली, डॉक्टर असं कशाला म्हणतील, आता डॉक्टरांवर ढकलतो. तू तर उठून आत गेलीस. बाबांनी तोंड फिरवलं ते आजतागायत. मग मलाच वाटायला लागलं, आपणच कामाच्या नादात पळालो असू, आणि आता मनाची समजूत घालतोय. आज तुझ्या फळ्यावर बघितलं. तेव्हा खुर्चीला लाथ बसली. ती खुर्चीला मारली नव्हती मी.

धाकटी: डॉक्टरांना मारलीस.

दादा: त्यांना मारली. आणि तुलाही.

धाकटी: मला?

दादा: हो, तुला. तू आदल्या दिवशी तुझ्या ट्रेनिंगच्या गावाहून डॉक्टरांना फोन केला होतास.

धाकटी: केला होता. तब्येत विचारायला. मला लगेच निघता येत नव्हतं.

दादा: आणि काय सांगितलंस त्यांना माझ्याबद्दल? डॉक्टर आधी दोन दिवस माझ्याशी साधं, आपल्या भाषेत बोलत होते. वॉर्डातल्या मावशींशी तर थट्टा करायचे. तुझा फोन झाला आणि दुसऱ्या दिवशी एकदम इंग्रजी. सुरुवातीलाच म्हणाले, युवर सिस्टर टोल्ड मी. तेवढं कळलं मला. मी नुसता मान हलवत राहिलो.

धाकटी: मी म्हटलं, माझ्या भावाला इंग्रजी समजतं. त्याला सगळं सविस्तर सांगा.

दादा: का म्हटलंस?

धाकटी: तिथे इंग्रजी बोलणाऱ्यांकडे जास्त लक्ष देतात म्हणून. मी बघितलंय ते. तुझे ते डागाळलेले कपडे बघून तुला टाळतील, अर्धवट काहीतरी सांगून वाटेला लावतील, असं वाटलं. आईसाठी म्हणून म्हटलं मी.

दादा: आणि मला फोनवर काय म्हणालीस?

धाकटी: आठवत नाही.

दादा: मला आठवतं. अडाण्यासारखं एकच गोष्ट दहादा विचारत बसू नकोस. माझी लाज काढू नकोस. म्हणून नाही विचारलं. एकदा विचारलं असतं ना, साहेब, म्हणजे काय, तर त्यांनी सांगितलं असतं. ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं.

धाकटी: पण डॉक्टरांना दिसत नव्हतं? ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा बघून कळतं. मला वर्गात कळतं, कुणाला समजलं नाही ते. त्या माणसाने एवढी मोठी गोष्ट दोन शब्दांत गुंडाळून टाकली आणि पुढच्या पेशंटकडे गेला. उद्या जाते मी त्यांच्याकडे. त्यांच्याच इंग्रजीत सांगते त्यांना, त्यांनी काय केलं ते.

दादा: तू जाणार नाहीस.

धाकटी: का नाही? त्यांना कळायला नको? उद्या दुसऱ्या कुणाला असंच सांगतील.

दादा: कळायला हवं. पण मी सांगेन. मला जमेल तसं, आपल्या भाषेत. त्यांना ती येते. माझ्या वतीने तू पुन्हा बोलायचं नाहीस, कळलं? एकदा बोललीस, पुरे झालं.

धाकटी: कळलं.

दादा: रडू नकोस. मला अजून राग आहे तुझा. रडलीस की तो धड काढताही येत नाही.

धाकटी: काढ ना. मी कुठे नको म्हणतेय? मीही तुझ्यावर एवढे महिने काढलाच की.

दादा: डॉक्टरांचं उद्या. आज दुसरं काम आहे. बाबांना फोन लाव.

धाकटी: आत्ता? मी घरी जाऊन सांगते त्यांना नीट समजावून.

दादा: नाही. इथून लाव, मला ऐकू येईल असा. घरी जाईस्तोवर तू त्यातलं तुझं काय काय गाळशील, देव जाणे.

धाकटी: लावते. तुझा आवाज ऐकून त्यांनी फोन ठेवला तर?

दादा: तर ठेवू देत.

(ती फोन लावते आणि टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवते.)

बाबा: हं. उशीर का झाला?

धाकटी: बाबा, मी वर्गावरच आहे अजून. दादा आहे इथे.

बाबा: मग त्याचं आवरलं की ये. मी पडतो.

धाकटी: ठेवू नका. आईबद्दल आहे. बाबा, त्या दिवशी डॉक्टरांनी दादाला इंग्रजीत सांगितलं होतं. दोन शब्द. त्यांचा अर्थ होता की आईचं काही खरं नाही. पण ते शब्द सुटे घेतले तर अर्थ होतो, हात लावा आणि जा. दादाने तोच घेतला. त्याला वाटलं, आपल्याला जायला सांगितलंय. तो पळाला नव्हता.

बाबा: असं कसं? असले कसले शब्द?

धाकटी: आहेत तसे, बाबा. मी आज तेच शिकवत होते, म्हणून कळलं. आणि डॉक्टर इंग्रजीत बोलले ते माझ्यामुळे. मी त्यांना सांगितलं होतं, भावाला इंग्रजी येतं. दादाला म्हटलं होतं, फार विचारत बसू नकोस.

बाबा: तू सांगितलंस.

धाकटी: हो.

बाबा: त्याला येत नाही हे माहीत असून.

धाकटी: हो, बाबा.

बाबा: शिकवून शहाणं केलं तुम्हाला. एकाने विचारायचं नाही, दुसरीने विचारू द्यायचं नाही. आणि मी मूर्खासारखा घरी झोपलो. तो मामीच्या देखत सांगत होता, डॉक्टरांनी जा म्हटलं. माझ्या कानांनी ऐकलं मी. खोटारडा म्हणालो मनात. पोटच्या पोराला.

धाकटी: तुम्हाला काय माहीत असणार?

बाबा: तू थांब जरा. तो ऐकतोय का?

दादा: ऐकतोय, बाबा.

बाबा: तू आत गेला होतास म्हणजे.

दादा: हो.

बाबा: हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, सकाळी मी निघालो त्यानंतर तिच्याजवळ कुणी फिरकलंच नाही. रोज तेच डोळ्यांपुढे यायचं. हात लावलास?

दादा: लावला. उजव्या हाताला. डाव्या हाताला सलाईन होतं.

बाबा: गार होता?

दादा: नाही. गरम होता. तिने माझं बोट धरलं होतं, बाबा. मला जायचं होतं, म्हणून मी ते सोडवून घेतलं.

बाबा: धरलं म्हणजे, कसं? नुसतं की घट्ट?

दादा: घट्ट.