राक्षसाचा भोंगा

चहा घ्या, पण हसू नका. जल्मभर मी गल्लीची टर उडवली, त्यामुळं गणपतीपुढं मी बनवलेला जबडा हलवणारा राक्षस कधी फसतो, याकडं सगळी गल्ली टपून होती. आवाजासाठी मोबाईल ठेवावा तर मधीच बायकोचा फोन येणार. शेवटी बब्रू भंगारवाल्याच्या गाडीवरचा भोंगा आणला अन् त्यात माझी डरकाळी भरली.

देखावा स्पर्धेचे औशाहून आलेले परीक्षक मंडपात शिरले अन् लाईट गेली. लाईट परत आली, तसा भोंगा बब्रूच्या जुन्या रेकॉर्डवर गेला. राक्षसानं जबडा उघडला, "भंगारऽ, लोखंड, जुना कूलर द्याऽ."

मी भोंग्याची वायर उपटायला धावलो. तेवढ्यात समोरच्या शांताकाकूंनी खरंच कूलर ओढत आणला अन् राक्षसाला दरडावलं, "आधी काटा दाखव रे. मागच्या बारीला लई वजनात मारलंस."